घशातली भूक

१० मे १९५४, कोल्हापूर
आले बाई एकदाची सासरी! मिरजेहून येईपर्यंत अंग नुसतं आंबून गेलं, पण शाहूपुरीतलं घर बघून शीण पळाला. मागे गोठा, परसात पेरू, त्याच्या पलीकडे जळणाची खोली. ह्यांचं गुळाचं दुकान जवळच. मी दुसरेपणावर आले. पहिली, ताना, शाहूवाडीकडची. तापानं गेली म्हणे. रीतीप्रमाणे तिचा टाक, म्हणजे तिची मूर्ती उठवलेला चांदीचा पत्रा, माझ्या गळ्यात घातला. सवतीला गळ्यात बांधून फिरायचं, मला हसूच आलं. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, मायाळू दिसतात. सारखं आपलं पोरी खा की, लाजू नको. आणि त्यांचे शेंगदाण्याचे लाडू, काय सांगू!

२८ मे
डोकं फिरलंय. लग्नाआधी कबूल केलं होतं की मी शाळेत नोकरी करणार. आज ह्यांनी कानांवर हात ठेवले, असं काही ठरलंच नव्हतं म्हणे. खोटारडे! मी भांडायला तोंड उघडलं, तोच आत्याबाईंनी हातावर लाडू ठेवला. एक खाल्ला, मग दुसरा. डबा रिकामा होईपर्यंत राग कुठं गेला कळलंच नाही, राहिली ती मळमळ.

२० जून
सगळ्या चोळ्या उसवल्या. राग आला की खाते, खाल्लं की स्वतःचाच राग येतो, मग पुन्हा खाते. मेलं काय हे जिणं! शेजारच्या शालूबाईंपाशी रडले. त्यांचंही एके काळी असंच होतं. म्हणाल्या, घास उचलला की थांब. डोळे मीट, भूक कुठं हाय ती बघ. पोटात असंल तर चवीनं खा. दुसरीकडं असंल तर घास ठेव खाली, आणि तिचं काय म्हणणं हाय ते ऐक.

२४ जून
जमतंय! पोटाची भूक भाकरीवर भागते. दुसरी पोटात नाहीच. ती घशात आहे, टाकाच्या बरोबर मागे. आज दुपारी लाडू खाली ठेवला आणि ऐकत बसले. माझ्या तोंडून शब्द आले, कडी काढा की वो आत्याबाई. आवाज माझा नव्हता. आत्याबाईंच्या हातून तांब्या पडला. धावत येऊन त्यांनी माझ्या तोंडात लाडू कोंबला.

२५ जून
माया कसली डोंबलाची! माझं तोंड मोकळं राहू नये म्हणून हे सगळं. शालूबाईंना खोदून विचारलं. ताना उलट बोलायची, म्हणून तिला जळणाच्या खोलीत कोंडलं, भाकरीचा तुकडा न देता. ती आतून ओरडत होती आणि हे दुकानात जाऊन बसले. आळीनं ऐकलं. शालूबाईंनीही ऐकलं. कुणी गेलं नाही. तिथंच मेली ती, ताप कसला! आग लागो सगळ्यांना.

२७ जून
ह्यांना तोंडावर विचारलं. अर्धं मी, अर्धं तिनं. दोघांनी मला धरलं, फरफटत — आता मी जळणाच्या खोलीत. बाहेरून कडी. वही ओच्यात होती म्हणून लिहिते. आत लाडवांचा भरलेला डबा ठेवलाय. मला उपाशी मारायचं नाही त्यांना, गप्प करायचंय.

२८ जून
टाक काढायला गेले — निघत नाही. खाल्लं की ती गप्प. नाही खाल्लं तर — मी कुठं जाते?

तारीख कळत नाही
दारापलीकडे आत्याबाई रडतायत. खा गं पोरी, खा की. लाडू उचलला. थांबले. डोळे मिटले. पोटात भूक नाही. घशात आहे. खाल्ला तर त्यांना सुखाची झोप लागेल.

ठेवला खाली. न्हाय खाणार. राग गिळणार न्हाय, माझा बी न्हाय, तिचा बी —

कडी पडली. आपली आपण.

या की वो आत्याबाई, आत या. डबा भरल्याला हाय. बसा. आता तुमी त्वांड उघ—