बेसुरी शिट्टी

ती. ताईस वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का, ते कळव. कुत्र्याचा पट्टा, माझी काठी, दुर्बिणीची पेटी आणि कस्तुर पक्ष्याच्या आवाजाची लाकडी शिट्टी, या चारही वस्तू मी कुणाकडे न शिकता स्वतःच्या हातांनी केल्या, हे तू जाणतेसच. म्हणून आधीच सांगतो, रविवारी डोंगरावर तुटली ती पट्ट्याची कडी. तेवढी एक बाजारातली होती.

तुझा गुंड्या सुखरूप आहे. पुढचं बसून वाच. पहाटे साडेपाचला पक्षी बघायला आम्ही दोघं आणि तो असे निघालो. सहा चाळीसला कड्याजवळ मी शिट्टी वाजवली (दोन चढे सूर, एक उतरता, सात महिने कोरत होतो). खालून खऱ्या कस्तुराने हुबेहूब उत्तर दिलं. तू ठेवून गेल्यापासून, म्हणजे दोन महिने, गुंड्या याच आवाजावर माझ्याकडे बिस्किटाला धावतो. त्याने हिसका दिला, कडी तुटली आणि स्वारी कड्याखालच्या पाटाएवढ्या कातळावर! परत बोलवायला मी पुन्हा वाजवली. पुन्हा खालून उत्तर आलं आणि गुंड्या आणखी एक पाऊल काठाकडे सरकला. ताई, काम इतकं बिनचूक झालं होतं की मी कोण आणि पक्षी कोण, हेच त्याला कळेना. पायाखालचे खडे सुटत होते. ते खाली पडल्याचा आवाज येत नव्हता.

"अहो, ती पुरे. ही वाजवा," तुझी भावजय कुजबुजली आणि किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. त्यात माझी पहिली, फसलेली शिट्टी आहे (मला चिडवायला अडकवलेली, त्याला जेवायला बोलावताना ती हीच वाजवते).

"ही? हा आवाज कुठल्याच पक्ष्याचा नाही!"

"तेच म्हणतेय. तुमच्याशिवाय कुणाचाच नाही."

वाजवली. घशात माशी गेल्यासारखा सूर. कस्तुर गप्प झाला. गुंड्याचे आधी कान वळले, मग मान, मग इंचाइंचाने सगळा गुंड्या. मानगूट धरून वर ओढला.

तुझा,
धाकटा

ता. क. शनिवारी तू त्याला न्यायला येणार. पण ती शिट्टी आमच्या किल्ल्यांना आहे, आणि तिच्यावाचून त्याला सोडणं धोक्याचं. त्याला इथेच राहू दे.

ता. क. २. तशीच दुसरी कर म्हणशील. तीन दिवसांत पाच केल्या. पाचही सुरात लागतात.

ता. क. ३. उतरताना एका छायाचित्रकाराने शिट्टी विकत मागितली. चांगली नव्हे, बेसुरी (त्याचाही कुत्रा ऐकत नाही). नाही म्हटलं. साडेचार हजार देत होता.