ढवळलेलं सूप

केर्तू,

तुला गाढ झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. चुलीवर माशाचं सूप आहे. मासा मी पकडला असं म्हणत नाही. गोठलेल्या तळ्यावर, बर्फात पाडलेल्या भोकाशी गळ टाकून बसल्या बसल्या डुलकी लागली, तळं खालून गुणगुणत होतं, तेवढ्यात मासाच वर येऊन म्हणाला, "म्हाताऱ्या, बायको बहिणीकडे निघाली आणि तू पेंगतोस?"

रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला मी सांगितलं ना, की तुझं सूप इतकं पातळ की मासे त्यात पुन्हा पोहायला लागतात, ती शुद्ध थाप होती. सगळे हसले. तू हसली नाहीस, ते मला दिसलं.

आता खरं ऐक. मासा पडला की चमचा घालू नये, भांडं कान धरून हलवावं, हे तू चाळीस वर्षं सांगतेयस. मी ढवळलं. माशाचा पार भुगा झाला, बटाटे तेवढे ओळखू येतात. वर शेपू पसरलाय, लाज झाकायला.

सहाची बस आहे, ठाऊक आहे. अडवत नाही. फक्त तुझे बूट गारठले होते, म्हणून शेकायला तळ्याकाठच्या सौनात, आपल्या वाफेच्या खोलीत, घेऊन बसलोय. लोकरी मोजे दाराशी ठेवलेत. तेवढं तिथवर ये.

ओइवा