भंडाऱ्यावर दिलेला शब्द

अहो,

शिजलेली हळद मी अंगणात पसरत होते, तुम्ही चुलीतली लाकडं मागं ओढत होता, आणि त्या दिवशी मतदान होतं. मी विचारलं, कुणाला टाकू? तुम्ही वरही बघितलं नाही. म्हणालात, “मला काहून इचारतीस? मत तुझं हाय.” मला राग आला होता. साऱ्या गावातले नवरे बायकांना सांगून मोकळे होतात, तुम्हालाच काय जड होतं?

आज लिहायला बसले, कारण उद्या पुन्हा मतदान आहे आणि मला तुमच्यासमोर लाज वाटते. तुमच्या फोटोकडे पाठ करून बसले आहे.

तुम्ही गेल्यापासून मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. विधवेला कोण बोलावतं? परवा मेंबरच्या बायकोचं बोलावणं आलं. तिचा नवरा पुन्हा उभा आहे. या वेळी साऱ्याच बायकांनी यायचं, असा निरोप होता. मी पेटीतली हिरवी साडी काढली. तिनं मला कुंकू लावलं, ओटी भरली. बाकीच्या बायका बघत होत्या आणि माझे डोळे वाहत होते.

मग ताटात खंडोबाचा भंडारा आला. प्रत्येकीनं चिमूट उचलून शब्द द्यायचा, मत मेंबरसाहेबांनाच. “आक्का, तुमी तर घरच्याच,” ती म्हणाली. मी उचलला.

परतताना वाटेत सरकारी दवाखाना लागला. दाराला कुलूप. त्या सकाळी तुम्ही छाती धरून याच पायरीवर बसला होता ना? मी कुलूप हलवत होते. टेम्पो मिळाला, पण हिंगोली आली तेव्हा तुम्ही नव्हता. मागल्या खेपेला इथं नर्स आणतो म्हणून या मेंबरनंच मत मागितलं होतं. आणि मी एका बोटाच्या कुंकवापायी ते कुलूप विसरले! तुमच्या जुन्या पेपरांवर बोट फिरवत वाचायला शिकले, उभ्या असलेल्या तिघांचं छापून आलं तेवढं वाचलं. कशासाठी वाचलं?

शेजारच्या इंदूला सांगितलं, तर ती हसली. “मामी, मशिनीत कोण बघून राहिलंय? पायजे त्याला टाका अन् गप ऱ्हावा.”

गप राहता येईल. पण तोंडावर शब्द दिला, तो तोंडावरच परत घ्यायला हवा. घेतला की त्या घरचं बोलावणं पुन्हा येणार नाही, दुसऱ्या घरचंही नाही. खरं सांगू? मला खंडोबाची नाही, त्याचीच भीती वाटते. बायकांत बसून किती बरं वाटलं होतं!

एक वचन देते. इथून पुढं मत मागायला येईल त्याला आधी दवाखान्याचं विचारीन, चार बायकांना विचारायला लावीन, आणि शब्द कुणालाच देणार नाही. तुम्हालाही सांगणार नाही कुणाला टाकलं ते.

तुमची,
कौसल्या

ता. क. सकाळी ओटीचे खण-नारळ मेंबरच्या ओसरीवर ठेवले. त्याच्या बायकोला सांगितलं, “माझा शब्द मी माघारी घेतला, बाई.” घरी आले, फळीवरची माझी जुनी डबी काढली, माझ्या हातानं कुंकू लावलं आणि मत देऊन आले.