शोकेसमधला फोटो

आप्पा, माझ्या तेराव्या वाढदिवसाला तुम्ही माझा फोटो काढलात तो दिवस मला आजही नकोसा वाटतो, आणि तरी त्याबद्दलच लिहायचंय. तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली. उमरीचा आपला स्टुडिओ आता मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याकडं आहे. त्या सकाळी तुम्ही मला दुकानाच्या पायरीवर बसवलंत, आतल्या लाइटपेक्षा कोवळं ऊन बरं म्हणालात. मी सवयीनं उजवा गाल पुढं केला. तुम्ही हनुवटीला बोट लावून चेहरा सरळ केलात. ओठाच्या डाव्या कोपऱ्यावरचं कोड आणि डोळ्याखालचं, दोन्ही त्या उन्हात स्वच्छ दिसलं असणार. तरीही मी हसले होते.

तुम्हाला माहीत नव्हतं, पण तेव्हा माझा आणखी एक चेहरा होता. तुमच्याच जुन्या मोबाइलवर मी इन्स्टाग्रामचं खातं उघडलं होतं आणि तिथं माझ्या तोंडावर एकही डाग नव्हता. शाळेतून आले की स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून मी ढीगभर फोटो काढायचे, त्यातला एक निवडायचे आणि कोड बोटानं पुसत बसायचे. नांदेडच्या, कधी न भेटलेल्या पोरी खाली ‘किती गोड’ लिहायच्या. वर्गात माझ्या डब्यातलं कुणी खात नव्हतं, तिथं मात्र मी लाडकी होते. शाळेतल्या एकीलाही मी तिथं घेतलं नव्हतं.

तुम्ही तो वाढदिवसाचा फोटो मोठा करून शोकेसमध्ये लावलात. एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला जावळ काढलेलं बाळ, मध्ये मी. तुमच्या लेखी लेकीसाठी यापेक्षा मोठा मान नव्हता. तिथं फोटो लागावा म्हणून लोक तुमच्या मागं लागायचे. बाजारच्या दिवशी वर्गातल्या एकीनं काचेतून त्याचा फोटो घेतला. माझं खातं तिला कुठून तरी सापडलंच होतं. दोन्ही चेहरे शेजारीशेजारी जोडून तिनं वर्गाच्या ग्रुपवर टाकले, खाली लिहिलं, ‘ओळखा, खरी कोणती?’ नांदेडच्या पोरींनाही पाठवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरले तर सगळे नुसतं हसू दाबत होते. मधल्या सुट्टीत दप्तर तिथंच टाकून मी दुकानात पळत आले.

दुकानात लग्नाचा अल्बम बघायला लोक आले होते. त्यांच्यादेखत मी विचारलं, “सगळ्या दुनियेचे डाग काढता, माझेच का ठेवले?”

तुम्ही हातातलं काम थांबवलंत. “गिऱ्हाइकाचं काम करून राहिलो मी,” म्हणालात. “तू काय गिऱ्हाईक हायेस?”

आज ते आठवलं की रडू येतं. तेव्हा फक्त राग आला. मी म्हणाले, “माझा फोटो पुन्हा काढायचा न्हाई. कधीच.”

तुम्ही शोकेसचं कुलूप काढून माझा फोटो उतरवलात. संध्याकाळी माझा मोबाइल मागितलात. मला वाटलं, आता मार बसणार. तुम्ही ते पुसलेले फोटो बोटांनी मोठे करकरून बघितलेत आणि एवढंच म्हणालात, “कानापाशी रंग जुळला न्हाई.” मला वाटलं, जखमेवर मीठ चोळताय. कित्येक दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही. आता हेच काम करून पोट भरते, म्हणून कळतं की ती चेष्टा नव्हती. तुम्हाला दुसरं काही सुचलं नव्हतं.

शब्दाला मात्र तुम्ही पक्के निघालात. दीड वर्षांनी एका लग्नाच्या शूटिंगमध्येच तुमच्या छातीत दुखलं आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. दिवसकार्य झाल्यावर मी तुमची हार्डडिस्क उघडली. मावशीच्या घरच्या लग्नात आई आहे, काका आहेत, आचारीसुद्धा आहे. मी आईच्या शेजारीच उभी होते, पण प्रत्येक फोटो आईच्या खांद्यापाशी संपतो. मी ते सगळे फोटो दोनदा तपासले. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

मी आता लातुरात एका फोटो लॅबमध्ये आहे. परवा शिरूर अनंतपाळहून एक बाई लेकीला घेऊन आली, क्लासच्या फॉर्मसाठी फोटो पाहिजे होता. पोरगी बारा-तेरा वर्षांची, ओठावर आणि पापणीवर कोड. आईनं हळूच विचारलं, डाग काढता येतील का. फॉर्मचा फोटो जसा आहे तसाच द्यायचा हा तुमचा दंडक, तरी मी काढले. पोरगी कितीतरी वेळ स्क्रीनकडं बघत राहिली.

“ताई, हे खरंच जातंय का ओ?”

“फोटोत जातंय,” मी म्हणाले.

हे कुठंच पोचणार नाही, म्हणून सांगते. मी रोज तोंडावर जाड मेकअप चढवूनच लॅबला जाते. परवाही होता. तो पुसून त्या पोरीला माझा ओठ दाखवायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी रुमाल ओलाही केला होता. ती माझ्याकडंच बघत होती, आप्पा, आणि मी त्या रुमालानं स्क्रीनची काच पुसली.