आमच्या देवघरात पॅडची जाहिरात

३ फेब्रु., मंगळ.
शिरवण्यातलं आमचं घर म्हणे जाहिरातीच्या शूटिंगला निवडलंय. लोकेशनवाला तळमजला बघून खूश. देवघर, समई, लोणच्याची बरणी, सगळ्याचे फोटो काढले. जाहिरात कसली विचारलं तर नवरोबा इकडेतिकडे बघत म्हणतो, "लेडीज आयटम." पॅडची! चाळिशी उलटली, अजून तोंडातून शब्द निघत नाही.

सासूबाईंना मीच सांगून टाकलं. वाटलं, भडकतील. "टीव्हीवर रोजच लागतं. येव दे," म्हणाल्या. आणि मागच्या महिन्यात माझ्या तनुला पहिल्यांदा पाळी आली तर पोरीला वरच्या खोलीत बसवलं. देवघर नाही, स्वयंपाकघर नाही, जेवणाचं ताट वर. मी लग्न होऊन आल्यापासून हेच करतेय. पण तनुला नाही करायला लावणार, असं ठरवलं होतं. नवरोबा म्हणतो, "चार दिवसांसाठी आईचं मन कशाला मोडतेस?" सगळ्यांना मन आहे, तेरा वर्षांच्या पोरीला तेवढं नाही.

६ फेब्रु., शुक्र.
जाहिरातीची गोष्ट कळली. नात पाळीत दिवा लावते, आजी ओरडते, मग नातीच्या डोळ्यांत बघून विरघळते. तीस सेकंदांत. शप्पथ!

लग्नाआधी आम्ही नेरूळला राहायचो तेव्हा पॅडची जाहिरात लागली की बाबांना हमखास तहान लागायची. उठून आत. शाळेत कंपनीची बाई आली, मुलांना मैदानावर पिटाळलं आणि दारं लावून आम्हाला एकेक पाकीट दिलं. कोणाला दिसू देऊ नका, हे तीन वेळा बजावलं. आम्ही डब्याच्या पिशवीत कोंबून बाहेर, तर सगळी पोरं गेटवर दात काढत उभी. मग जाहिरातींत पांढऱ्या पॅन्ट घालून उड्या मारणाऱ्या पोरी आल्या. कंबर धरून बसलेली एक नाही. मग पॅड बदललं की इंटरव्ह्यू पास, पॅड बदललं की शर्यतीत पहिली. डाग कायम निळा. आणि आता हे नवीन, सगळा दोष आजीचा! अरे, लपवा लपवा करायला तुम्हीच शिकवलंत ना? दर वेळी आम्हालाच काहीतरी शिकवायचं आणि पाकीट विकायचं.

१२ फेब्रु., गुरु.
उद्या शूटिंग आणि तनुची आज परत सुरू. नेमकी! सासूबाई: "बाय, उद्या खाली येव नको. लोका येतील." तनु वह्या-पुस्तकं घेऊन वर गेली. मी पण गिळलं. डोकं नुसतं भणभणतंय.

१३ फेब्रु., शुक्र.
रजा टाकली. घरभर वायरी, दिवे, चहाचे कप. हिरॉइन कॉलेजातली पोरगी, गोड. तिला वात नीट धरता येईना तर सासूबाई स्वतः शिकवायला पुढे. पुन्हा पुन्हा तोच शॉट, पाळीतली नात देवघरात दिवा लावतेय, आणि आमच्या सासूबाई कौतुकाने बघतायत. तनु जिन्यावरून बघत होती.

माझं फिरलं. म्हटलं, "आई, ही चालते आणि तनु चालत नाही?"
"ती कुठं लावतं? लावल्यासारखा करतं."
"तुमची खरी नात वर कोंडलीय! तिची पाळी चालू आहे म्हणून!"

जोरात बोलले. सगळ्या युनिटच्या माना जिन्याकडे. तो डायरेक्टर तर उठलाच, "मॅडम, हे फार रियल आहे. मुलीशी दोन मिनिटं बोलू का?" वर दार आपटल्याचा आवाज आला.

१४ फेब्रु., शनि.
तनु बोलत नाही. दुपारी एकदाच बोलली. "कॅमेऱ्यावाल्या काकांना पण सांगितलंस. माझ्यासाठी भांडत होतीस, तर घरात कोणी नसताना भांडायचंस ना."
रडले. खरंच आहे ते.

२२ फेब्रु., रवि.
माझी सकाळी सुरू झाली. आंघोळ केली, सरळ देवघरात गेले. सासूबाई फुलं निवडत होत्या. म्हटलं, "आई, माझी आजपासून आहे. दिवा मी लावते." आवाज चढवला नाही. लावला. स्वयंपाकही केला, भात, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी.

सासूबाई ओटीवर जाऊन बसल्या. जेवायला बोलावलं तर भूक नाही. नवरोबा माझ्याकडे बघतोय, आईकडे बघतोय, शेवटी गाडी धुवायला गेला. वैताग नुसता.

मग तनुने ताट वाढून नेलं. मी सांगितलं नव्हतं. दारातून ऐकत होते.
"तू केलंस?" सासूबाईंनी विचारलं. "मग आन."
हो म्हणाली असती तर मिटलं असतं. मलाही क्षणभर वाटलं, म्हण बाई हो.
"नाही आजी. आईने केलंय."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. तनु ताट ठेवून त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली. भात गार झाला असेल आता. त्यांनी हात लावलेला नाही. तनुही उठलेली नाही.