सुभेदाराच्या जेवणाचा शब्द

खडकवासला, ३ ऑगस्ट

चि. अनिरुद्ध यास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मला आता ऐकू येत नाही आणि तुम्ही पाठवता ते अंगठे मला कळत नाहीत, म्हणून पत्र. घरमालकांनी दसऱ्याच्या आत घर रिकामं करायला सांगितलं आहे. चौदा वर्षं राहिलो, तक्रार नाही. प्रश्न सुभेदाराचा आहे. चार वर्षांचा ग्रेट डेन, साठ किलो वजन. असा कुत्रा कुणाच्या गळ्यात मारायचा?

तुमची मागची खोली रिकामी असते. नम्रताला तो आवडतो. उगाच भुंकत नाही, सोफ्यावर चढत नाही. एकदा चढला होता, पण त्या सोफ्याबद्दल पुन्हा कधीतरी. अडचण एकच. इकडे चोर विष घातलेलं मटण कुंपणावरून टाकतात, म्हणून मी त्याला शिकवलं आहे. माझा ठरलेला शब्द ऐकल्याशिवाय तो ताटाला तोंड लावत नाही. तेव्हा तो जिथे जाईल तिथे... तू समजून घेशीलच. माझं काय, मला एक खाट पुरते.

सौ. सोनालीस आशीर्वाद, नात नम्रतास गोड पापा. लोभ आहेच, थोडा सुभेदाराच्याही वाट्याला यावा.

तुझा
बाबा

कोथरूड, २४ ऑगस्ट

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तीन रविवार याच विषयात गेले. सोनालीचं म्हणणं, साठ किलोचा पाहुणा आणि वर त्याची लाळ, हे सगळं पुसायचं तिनेच. सोसायटीचे सेक्रेटरी महिपती म्हणाले की कायद्याने अडवता येत नाही, नाहीतर अडवलं असतं. नम्रताने मात्र रडून घर डोक्यावर घेतलं. अखेर घ्यायचं ठरलं. मागच्या खोलीत रबरी चटया टाकल्या, कूलर बसवला.

खोली एकच, ती आता त्याची झाली. तुम्हाला एक खाट पुरते असं तुम्हीच लिहिलं आहे. भोर रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात खिडकीजवळची मिळाली, मी होकार कळवून टाकला. सोनाली म्हणाली, दोघांपैकी कुत्र्याला निदान ऐकू तरी येतं. गमतीने म्हणाली, मनावर घेऊ नये. शब्दाचीही काळजी नको. त्याच्यासाठी ट्रेनर ठेवला आहे, तो म्हणतो, भूक लागली की सगळे खातात.

लोभ असावा, रुसवा नसावा.

आपला
अनिरुद्ध

खडकवासला, १ सप्टेंबर

चि. अनिरुद्ध यास आशीर्वाद.

कूलर बसवलास हे छान केलंस. मी इथे चौदा उन्हाळे पंख्यावर काढले, पण मी काही ग्रेट डेन नव्हे. रविवारी गाडी घेऊन ये. आधी त्याला घरी उतरव आणि त्याच फेरीत मला भोर रस्त्याला सोड, पेट्रोल वाचेल.

ट्रेनर एवढा जाणकार आहे म्हणून शब्द तू विचारला नाहीस, तेव्हा मीही सांगत नाही. मला फार वाईट वाटलं. हे लिहून ठेवतो, नाहीतर बाबा कधी बोललेच नाहीत असं तू म्हणशील.

लोभ तुझ्या सोयीने ठेवावा.

बाबा

कोथरूड, ११ सप्टेंबर

ती. बाबांस सा. न.

पत्र ड्रायव्हर कचरूच्या हाती देत आहे, तो उत्तरासाठी थांबेल. सुभेदाराने चार दिवस अन्नाला तोंड लावलेलं नाही. चिकन झालं, दूधभात झाला. ताटासमोर बसतो आणि दाराकडे बघतो. ट्रेनर आता फोन उचलत नाही. नम्रताचे डोळे सुजले आहेत.

तुम्ही आठ दिवस इकडे यावं. हॉलमध्ये गादी घालू. त्याला आमची सवय झाली की तुम्हाला परत सोडू. रविवारी कचरू न्यायला येईल.

आपला
अनिरुद्ध

भोर रस्ता, ११ सप्टेंबर

चि. अनिरुद्ध यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. कुत्र्याचं ऐकून रडू आलं आणि तू बोलावलंस म्हणून आनंदही झाला. दोन्ही एकदम झालं, लाज वाटते. येतो. हॉलमधली गादी चालेल. पिशवी आत्ताच भरली, नम्रतासाठी इथल्या बागेतल्या चिंचा घेतल्या.

पण रविवारपर्यंत त्या मुक्या जिवाला उपाशी कशाला ठेवायचं? म्हणून शब्द लिहितो. आजवर कुणाला सांगितला नव्हता. ताट ठेवायचं आणि म्हणायचं, “ये रे अनूबाळा, पान वाढलंय.” ओरडायचं नाही. तू अंगणात खेळत असायचास तेव्हा तुझी आई जशी हाक मारायची, तसं म्हणायचं. ती गेल्यावर हे वाक्य घरात ऐकूच येईना, म्हणून त्याला तेच शिकवलं.

कचरू घाई करतो आहे. बाकी भेटीत. रविवारी सकाळी सातपासून फाटकाशी बसतो.

लोभ आहे, तसाच राहील.

बाबा

कोथरूड, १२ सप्टेंबर

ती. बाबांस सा. न.

शब्द चालला. मी म्हणायला गेलो, पण मला पुरतं म्हणता येईना. शेवटी नम्रताने म्हटलं. सुभेदाराने पातेलं चाटूनपुसून साफ केलं. सोनालीने ते वाक्य फोनवर रेकॉर्ड करून घेतलं आहे, दोन्ही वेळेला तेच लावतो. बिनबोभाट जेवतो.

तेव्हा आता तुम्ही यायची गरज उरलेली नाही. कचरूला रविवारची सुट्टी दिली आहे. फाटकाशी बसू नये, ऊन असतं. पिशवी रिकामी करून ठेवावी.

लोभ असावा.

आपला
अनिरुद्ध