ह्या खेपेचा निकाल मी कळवते

प्रिय आक्का,

तुझं कुशल विचारण्यात अर्थ नाही. तिथे ना ताप, ना खोकला, ना लावणीचा चिखल. इकडचं सांगायचं आहे, म्हणून बसलेय.

दर वर्षी निकाल लागला की तुझी कुंदा मागीलदारी तुळशीपाशी जाऊन उभी राहायची आणि तुला सगळे मार्क सांगायची. संस्कृतात एवढे, गणितात एवढे, नंबर पहिला. मी चुलीपुढून ऐकायची. तुझं झालं की मग आत येऊन मला सांगायची, आणि मी आत्ताच ऐकतेय असं तोंड करायची. ह्या वर्षी निकाल लागून बरेच दिवस झाले. मागीलदारी ती जाते ती पाणी काढायला. म्हणजे तुला काहीच कळलेलं नसणार. काल मी तिला विचारलं, आईक सांगतंस मा? तर म्हणाली, "तूच सांग, मावशे. माका अजून तोंड नाय."

मला तुळशीशी बोलता येत नाही. भागी वयनीच्या खळ्यातून आपलं मागीलदार दिसतं, ती म्हणेल सगुणाचं डोकं फिरलं. लिहिता येतं, ते तुझ्यामुळे. मला दुसरीतून काढून गुरांमागे लावलं, आणि तू शाळेतून येऊन मला राखेत अक्षरं गिरवायला लावायचीस. चुकलं की बोटावर फटका. तर घे, आता तूच वाच.

पास झाली. सेकंड क्लास. गणितात एकेचाळीस.

पाहिलंस? मला हे लिहायला काही लागलं नाही. तिला तेवढंच बोलता येईना, आणि त्यावरून आपल्या घरात काय काय झालं ते सांगते.

हायस्कुलातून मार्कांचा कागद घेऊन आली, कोनाड्यात ठेवला आणि म्हणाली, "पास." मी तेवढंच ऐकलं. आपल्या वाडीत मुलगी मॅट्रिक झालेली कोणी बघितली होती? मी दुकानातून शेरभर साखर घेतली आणि घरोघर वाटून आले. परत येते तर ही दारामागे उभी, तोंड पांढरंफटक.

"मावशे, कोणी सांगितल्यान तुका साखर वाटूक?"

"पास झालंस ना?"

"एकेचाळीस म्हणजे काय ता कळता तुका?"

"पस्तिसाच्या वर आसत. माका तितक्या कळता."

साखर वाटली त्याचं मला अजूनही काही वाटत नाही. तू असतीस तर वाटली असतीस ना? की नसतीस? तुझा काही भरवसा नाही. चौथीत माझ्यापुढे पाटी धरून म्हणाली होतीस, एक गणित चुकलं, आज मी जेवणार नाही. पोरीने रंग भावोजींचा घेतला, पण हे तुझं घेतलं. भावोजींचं विचारू नकोस. ते मुंबईत दुसऱ्या संसारात आहेत आणि त्यांना कुंदा कितवीत होती तेही ठाऊक नसेल.

मग गावातल्या शाळेचे जुने मास्तर आले. ओटीवर बसले, छत्री गुडघ्यांत धरून. "कसं हो झालं हे?" म्हणाले. थोड्या वेळाने परत, "कसं झालं हे?" कुणी गेलं की माणसं येऊन बसतात ना, तसे. फर्स्ट क्लास धरलेला होता म्हणे, स्कॉलरशिप धरलेली होती, कोल्हापूरचं कॉलेज धरलेलं होतं. सगळं ह्यांनीच धरलेलं. आत पोर ऐकतेय ह्याचं भान नाही. मी म्हटलं, "मास्तरानू, पोर जित्ती आसा. चाय घेवा आणि येवा." रागावून गेले. जाऊदेत.

मलाही कळेना हे झालं कसं. परीक्षेच्या दिवसांत ताप नव्हता, पोट बरं होतं. एका संध्याकाळी तिच्या डोक्याला तेल लावायला बसवली आणि विचारलं. ती म्हणाली, "पयलाच गणित सुटला नाय, मावशे. ताच धरून बसलंय. बाकीची येत होती. पण ता सोडून फुडे जावक माका जमलाच नाय. घंटा झाली तरी मी त्याच्यातच."

मी काय बोलले ठाऊक आहे? म्हटलं, "जेवताना काटो लागलो तर काटो काढून बाजूक ठेवतंस की ताट फेकून देतंस?"

"तुका नाय कळाचा," म्हणाली, आणि तेल अर्धं राहिलं असताना उठून गेली.

आक्का, ह्यात तुझाही वाटा आहे, राग मानू नकोस. अर्धं टाकून उठायचं नाही, हा तुझा कायदा. पानातलं शीत असो, सुंभाचा पीळ असो, गणित असो. तिला अकरा वर्षांत सोडून द्यावं लागेल असं एकही गणित भेटलं नव्हतं. मग सोडायचं कसं ते ती कुठे शिकणार? मला तर रोज काहीतरी सोडावंच लागतं, म्हणून मला ते शिकल्यासारखं वाटलंच नाही.

त्यानंतर ती जेवेनाशी झाली. सकाळी दोन घोट पेज, मग दिवसभर काही नाही. मधल्या घरात चटई टाकून भिंतीकडे तोंड. रडली असती तर मला कळलं असतं काय करायचं. रडत नाही, भांडत नाही. केस विंचरत नाही. मी समजावलं, ओरडले. सुका बांगडा भाजून त्याचा वास घरभर केला. देवळात नारळ ठेवून आले. अगो, काही झालेलं नाही, पास आहेस, हात पाय धड आहेत, असं दिवसातून दहा वेळा सांगितलं. जेवढं सांगावं तेवढी ती भिंतीत शिरत होती.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. एका सकाळी मी म्हटलं, "तू जेवाचंस नाय ना? मगे माजीय चूल पेटाची नाय. बघूया कोण आदी मरता." आणि खरंच पेटवली नाही. दारात जाऊन बसले. पाऊस लागलेला, सगळी वाडी लावणीला गेलेली. पोटात कावळे ओरडत होते आणि आतून हूं की चूं नाही.

दुपार कलली तशी भागी वयनी आली. डोक्यावर इरलं, हातात पेजेचं मडकं आणि फडक्यात मिठातला आंबा. डोळे भरलेले. खळ्यातूनच ओरडली, "सगुणा, गो सगुणा, कोण गेला गो? मुंबैसून तार इली?"

मला आधी समजेना. "कोण जातला? कोण नाय गेला."

"मगे चूल कित्याक थंड? सकाळपासून बघतंय, कौलातसून धूर नाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आपल्याकडे चूल कधी पेटत नाही? घरात कुणी गेलं तरच. तिने धूर पाहिला नाही आणि रीतीप्रमाणे दुखवट्याची पेज करून आणली. एवढंच नाही, नवऱ्याला शेतात धाडून माणसं बोलावली. मागोमाग तो, आप्पा, चार माणसं घेऊन खळ्यात हजर. गुडघ्यापर्यंत चिखल, एकाच्या हातात तिरडीचे बांबू तोडायला कोयता.

"कोण ता कळला?" आप्पांनी विचारलं.

"कोण मेला नाय," वयनी म्हणाली.

"नक्की?"

"सगुणा हय बसलीहा. कुंदा..." असं म्हणून ती थांबली, कारण कुंदा दारात येऊन उभी होती. केस मोकळे, साडी चुरगळलेली. ती चार माणसं तिच्याकडे बघत राहिली. आप्पा म्हणाले, "ही तर उभी आसा. मगे आमी जातंव. तरवो उपटून ठेवलोहा." भाताची रोपं वाट बघत होती, माणसं आली तशी गेली.

वयनी काही हलेना. "बाय माजे, काय झाला तुका?"

आणि कुंदा म्हणाली, अगदी सरळ, "काकी, माका गणितात एकेचाळीस पडले."

"बरे की वायट?"

"वायट."

"किती व्हये हुते?"

"नव्वदाच्या वर."

वयनीने मनातल्या मनात हिशोब केला. म्हणाली, "म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त गेले गो." आणि तिचा चेहरा खरंच पडला. मी एवढ्या दिवसांत एकदाही असं म्हटलं नव्हतं. मी आपली पस्तिसाच्या वर आसत, पस्तिसाच्या वर आसत.

मला लाज वाटत होती. म्हटलं, "वयनी, पेज घेवन जा परत. हय कोणाचा काय झालेला नाय."

"खुळी काय तू? दुखवट्याची पेज परत घराक न्हेतत? ता दुःख माज्या घरात घालतंस? ही हयच संपाक व्हयी. कोणाचा दुःख ता तुमीच ठरवा, पण खावा."

मी कुंदाकडे बघितलं. ती वयनीकडे बघत होती.

"माजा," ती म्हणाली. "दुःख माजा आसा, काकी." आणि खाली बसली.

वयनीने तिच्यापुढे वाडगा भरला. पहिला घोट घेतला आणि पोर रडायला लागली. इतक्या दिवसांचं सगळं तेव्हाच. पेजेत पडत होतं. वयनी म्हणाली, "रड, पण खाता खाता रड. पेज निवता." तिने रडत रडत दोन वाडगे संपवले आणि आंब्याची कोय चोखली. मीही खाल्ली. मला कुणी विचारलं नाही, मी माझी मीच घेतली.

आक्का, मी पोरीला सांगत होते की काही झालेलं नाही. ही बाई कुणी मेलं असं समजून पेज घेऊन आली, आणि पोर जेवली. मला ह्याचा अर्थ नीट लावता येत नाही. पण तिचं काहीतरी गेलेलं होतं, आणि घरात कुणी ते गेलं असं म्हणत नव्हतं. मग ती एकटीच त्याच्यापाशी बसून होती. एवढं मला समजलं.

वयनी गेल्यावर भांडी घासताना मी विचारलं, "मगे आता सुतक किती दिवस पाळूचा?" चेष्टेत नाही, थोडं रागातच.

तिने तोंड पुसलं. "जवळचा नाता आसा. धा दिवस."

"धा? लांबचा आसा. तीन रगड झाले."

"मावशे, अकरा वर्सांचा नाता."

शेवटी साताला मिटवलं. ठरलं असं, की तोवर पुस्तक उघडायचं नाही, गणिताचं नाव काढायचं नाही, मी पास हा शब्द बोलायचा नाही, आणि तिने दोन वेळ जेवायचं. मी दोनदा चुकून बोलले. तिने नुसतं बघितलं.

सुतक फिटल्यावर न्हाली आणि माझ्यामागून लावणीला आली. तुझ्यासारखीच, चिखलात पाय घालताना तोंड वाकडं. बायकांनी सोडली नाही तिला. एकीने लगेच म्हटलं, "मॅट्रिकवाली गो, तुजी रांग वाकडी गेली."

कुंदा वाकलेलीच होती, वर न बघता म्हणाली, "सेकंड क्लासची आसा. वाकडीच जातली."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही, मी पटकन दुसऱ्या बांधाकडे गेले. कशाला ते तू समज.

अजून सगळं ठीक आहे असं नाही. मधेच हात थांबतो, कुठेतरी बघत राहते. पोस्टमन आला की आत जाते. पण जेवते. आज उकडा भात आणि कुळथाची पिठी, दोनदा मागून घेतली.

हे तुला मुद्दाम सांगते. तू गेलीस त्या दिवशी आम्हा दोघींना जवळ बोलावलं होतंस. ती सात-आठ वर्षांची. तिला म्हणालीस, "पयली ये हां." मला म्हणालीस, "तिका उपाशी ठेवू नको." तापात होतीस, जे सुचलं ते बोललीस. पण तू लगेच गेलीस, आणि ते वाक्य पुढे बदलायला आई उरली नाही. पोर तेच धरून दर वर्षी पहिली येत राहिली. तू जगली असतीस तर कधीतरी म्हणाली असतीस ना, की पुरे गो बाय आता? म्हणाली असतीस, असं मी धरते. मी तिला तसं सांगितलंय. तुझ्या नावाने सांगितलंय, तुला न विचारता. ती म्हणाली, "आई असा बोलली असती?" मी म्हटलं, "माजी बहीण ती. माका म्हायती आसा." खोटं असेल तर माझ्या माथी.

आता ऑक्टोबरात गणिताला परत बसायचं, की आहे त्या मार्कांवर मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं, की आणखी काही, हे तिने ठरवलेलं नाही. मास्तर एकदा विचारून गेले. माझी तर जीभ रोज खाजते. भात वाढताना तोंडापर्यंत येतं, काय ता ठरव एकदाचा. मग मी पिठीत मीठ बरोबर आहे का ते विचारते.

तुला शब्द देते, आक्का. मी विचारणार नाही. तिला वेळ लागेल तेवढा लागूदे. आणि ती ज्या दिवशी सांगेल, जे सांगेल, त्यावर मी फक्त "बरा" म्हणेन आणि तिचं पान वाढीन. आयुष्यात एवढी वाट मी कुणाची बघितलेली नाही, तुझ्या बाळंतपणातसुद्धा नाही. पण हिची बघीन.

तुझी धाकटी,
सगुणा